रंगरावचा अंगठा

कॉलेजचा फॉर्म पंचफुलाने स्वतःच भरला. इंग्रजीत, शाईने, एकही खाडाखोड न करता. शेवटी एकच जागा कोरी राहिली. बापाची किंवा पालकाची सही.

"मामा करतीन," ती म्हणाली. रिसोडच्या वेशीबाहेर मामाचा मळा होता, तिथंच ती लहानाची मोठी झाली होती.

तिची माय प्रयागबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मामा नाही. तुहा बाप करन."

पंचफुलाने बापाला कधी पाहिलंच नव्हतं. ती लग्नानंतर सातव्या महिन्यात जन्मली, तेव्हा बापाकडच्या आजीने बोटांवर महिने मोजले आणि गावभर सांगितले. बापाच्या गावी, किन्हीराजाच्या चावडीत पंच बसले. "ही पोर माही नाही," असं रंगराव चारचौघांत म्हणाला आणि तशा कागदावर त्याने अंगठा उठवला. ओली बाळंतीण प्रयागबाई बाहेर उन्हात उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही. भाऊ पुंजाजी बैलगाडी घेऊन आला, म्हणून ती जगली. त्याला सतरा वर्षं झाली.

ही सतरा वर्षं तिने वांगी पिकवली, बाजारात बसली आणि पोरीला शिकवलं. लग्नाची पोर घरात ठेवली म्हणून नातलग नावं ठेवत. ती ऐकून घेई. पोर वाढत गेली तसं रंगरावचंच रुंद कपाळ आणि हनुवटीवरची खळी तिच्या तोंडावर उमटत गेली. प्रयागबाई रोज ते तोंड पाही आणि तिचा राग ताजा होई.

आता पोरगी अमरावतीला निघाली होती. प्रयागबाईने पत्र्याची पेटी घेतली, दोन पातळं घेतली, नव्या चपला घेतल्या. प्रत्येक वस्तू निवडताना तिच्या डोळ्यांपुढे कॉलेज नव्हतं, किन्हीराजाची चावडी होती. "निळं नको, हिरवं घे," ती दुकानात म्हणाली. "दुरून दिसते."

पुंजाजीने समजावून पाहिलं. "प्रयागे, सही मी करतो ना. एवढ्या दूर कायले जातं?"

"तू गाडी जुंप, दादा."

दीड दिवसाने गाडी किन्हीराजात शिरली. पुढं तिथूनच वाशीमच्या स्टेशनावर जायचं होतं, म्हणून पेटी गाडीतच होती. चावडीजवळ येताच प्रयागबाईने लेकीला नव्या चपला घालायला लावल्या. बघ्यांनी गर्दी केली. कोणीतरी रंगरावला बोलावून आणलं.

त्याचे केस पिकले होते. दुसरी बायको गोमतीबाई मागं उभी होती. तिला मूलबाळ झालं नव्हतं. रंगराव पोरीकडे पाहतच राहिला. मग त्याने आपल्या हनुवटीवरच्या खळीला बोट लावलं.

"हे तर माहंच तोंड हाय," तो म्हणाला.

प्रयागबाईला हेच ऐकायचं होतं, पंचांच्या जागी, सगळ्यांसमोर. "कॉलेजात चालली," ती म्हणाली. "बापाचा अंगठा पायजे."

तो नाही म्हणेल, मान खाली घालेल, मग आपण बोलू, असं तिने ठरवलं होतं. पण रंगराव हसला. "आना ना. माही पोर कॉलेजात जाते, मी नाही देनार त कोन देईन?" गर्दीकडे छाती काढून पाहत त्याने चावडीतल्या शाईच्या दौतीत अंगठा बुडवला.

प्रयागबाईच्या डोक्यात तिडीक गेली. सतरा वर्षांची मेहनत हा माणूस एका अंगठ्यात आपल्या नावावर करून घेत होता. तिने फॉर्म ओढून घेतला. त्याचा काळा अंगठा तसाच हवेत राहिला.

"प्रयागा, लोक पाहून राह्यले," तो हळूच म्हणाला.

"पाहू द्या. तवाबी पाहतच होते."

तिने स्वतःचा अंगठा दौतीत घातला आणि कोऱ्या जागेवर दाबला. मग पोरीला दंडाला धरून गाडीत बसवलं. मागून रंगराव दोनदा "पोरी, पोरी" म्हणाला. पुंजाजीने बैल हाकले.

गाव मागं पडल्यावर पंचफुला म्हणाली, "वरच्या रकान्यात नाव तर त्याचंच हाय, माय. ते कसं खोडशीन?"

"असू दे."

"आन् मले काय पायजे होतं, ते तू इचारलंच नाही."

वाशीमला आगगाडी सुटेपर्यंत प्रयागबाई लेकीच्या पेटीची दोरी पुन्हापुन्हा आवळत राहिली.

दिवाळीला पंचफुला घरी आली ती किन्हीराजाला जाऊनच. तिने ते लपवलं नाही. प्रयागबाई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "काय म्हने तो?"

"रडला."

"बरं झालं," प्रयागबाई म्हणाली, आणि टोपली उचलून वांग्याच्या वाफ्यात शिरली.