बाबांची शिट्टी आणि आईची खुर्ची

हल्ली टीव्हीवर फुटबॉलचा पंच हवेत बोटांनी चौकोन काढून निर्णय तपासायला पडद्यापाशी धावतो आणि आमच्या घरात भांडण जुंपतं. मुलगा म्हणतो, यंत्र हवंच. नवरा म्हणतो, खेळाची मजाच गेली. मला मात्र हसू फुटतं. हा वाद भिलाईत आमच्या क्वार्टरमध्ये, भिलाई मध्य प्रदेशात होती तेव्हाच निकालात निघालाय.

बाबा पोलादाच्या कारखान्यात क्लार्क आणि मैदानावर पंच. कारखान्यातल्याच दोन खात्यांचा, भट्टीवाले विरुद्ध मिलवाले, अंतिम सामना. अगदी शेवटी भट्टीवाल्यांचा चेंडू गोलकीपरनं रेषेवरून ओढून घेतला. बाबांनी मान हलवली, गोल नाही. मिलवाले जिंकले आणि भट्टीवाल्यांनी बाबांशी बोलणं टाकलं. त्यांचे कप्तान म्हणजे आमच्या शेजारचे काका, तेसुद्धा फाटकासमोरून तोंड फिरवून जायचे. बाबांना ते फार लागलं.

"व्हिडिओ हाय न! त्यात माही चूक दिसली त पुन्हा शिट्टी हाती धरनार नाई," त्यांनी जाहीर केलं.

शूटिंग केलं होतं नेहरू नगरातल्या लग्नवाल्या कॅमेरामननं. भाड्याचा व्हीसीआर आला, दोन्हीकडची माणसं आमच्या बैठकीत कोंबली गेली, आईनं पातेलंभर तर्री-पोहे केले. कॅसेट लावली तर सनई सुरू! खेळाडू गुलाबांच्या चौकटीतून मैदानात उतरले. हसून हसून आमची पोटं दुखली, बाबा तेवढे ताठ बसलेले.

अखेर चेंडू गोलकडे सुटला आणि कॅमेरा गर्रकन पाहुण्यांकडे वळला. अक्षता पडताना पाहुण्यांचे चेहरे टिपायची सवय, गडी इथेही तेच करून बसला होता.

"मेहमान छूट गए तो घरवाले जान खा जाते हैं, साहब," व्हीसीआरपाशी बसलेला कॅमेरामन कळवळून म्हणाला.

पडद्यावर बायकांच्या खुर्च्या होत्या, गोलच्या खांबाला लागून, रेषेच्या अगदी सरळ ओळीत. त्यातली एक बाई पदर खोचून खुर्चीवर चढली होती आणि दोन्ही हात उंचावून "गोल! गोल!" ओरडत होती. ती आमची आई!

काकांनी कॅसेट मागे घेतली. पडद्यावर आई पुन्हा खुर्चीवर चढली.

"तुले दिसला होता?" बाबांचा आवाज अगदी बारीक झाला.

"चांगला हातभर आत होता."

"मंग घरी कावून सांगतलं नाई?"

"शिट्टी तुमच्या तोंडात होती. मले कोनी इचारलं?"

हशा असा उसळला की व्हीसीआरवरची पोह्यांची बशी खाली आली. बाबांनी मात्र खिशातून शिट्टी काढून टेबलावर ठेवली. तेवढ्यात डोळे पुसत काकांनीच ती उचलली आणि बाबांच्या हातात कोंबली.

"धरा, भाऊ. पन पुढच्या खेपेले वहिनीले पाहून फुंकजा."

पुढच्या वर्षी चेंडू पुन्हा रेषेपाशी घुटमळला. बाबांनी शिट्टी ओठांशी नेली, थांबले, आणि भर मैदानात आईच्या खुर्चीकडे पाहिलं. आईनं सावकाश पदर सारखा केला आणि नकारार्थी मान हलवली. बाबांनी गोल दिला नाही, आणि अख्ख्या मैदानात कुणी चकार शब्द काढला नाही.