भाऊघरात चला म्हणून कोण सांगून गेलं?

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून भांडी घासायला जाणारी मी बाई. कोणाच्या अंगात आलं म्हटलं तर आधी त्याचं बीपी तपासा म्हणते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... तरी लिहिते.

आमचं गाव नागभीडपासून बसने अर्ध्या तासावर. सगळी धानशेती. गावात शेतकऱ्यांचं एक जुनं मंडळ आहे आणि त्याचा नियम एकच – सभासद आजारी पडला की बाकीच्यांनी हातातलं काम टाकून त्याच्याकडे जायचं, त्याची रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आधी उरकायची. पुरुष असो की बाई, सगळे एकमेकांचे भाऊ. म्हणून मंडळाच्या हॉललाही भाऊघरच म्हणतात. त्याच्या विटा गावाने भाजल्या, भिंती गावाने उभ्या केल्या.

माझे बाबा मंडळाचे पहिले सचिव. वामन काकाजी तेव्हापासून अध्यक्ष. बाबा ऐन रोवणीत गेले, तेव्हा काकाजींनी सगळं गाव घेऊन एका दिवसात आमची शेती लावून दिली. मी आणि आई नुसत्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून पाहत होतो. पुढे सचिवपद माझ्याकडे आलं. काकाजींचा शब्द मी कधी दुसऱ्यांदा विचारून घेतला नाही.

मागच्या रोवणीत एक दिवस सकाळी ते दारात आले. गडचिरोलीच्या त्यांच्या बहिणीला दवाखान्यात भरती केलंय, घरचं कोणी मोकळं नाही, डबा घेऊन जाशील का, म्हणाले. मी भाकरी बांधल्या आणि निघाले.

दवाखान्यात तीन वॉर्ड फिरले. सिस्टरने दोनदा रजिस्टर पाहिलं. त्या नावाची पेशंटच नव्हती! काकाजींचा फोन बंद. शेवटी विचारत विचारत बहिणीच्या घरी गेले, तर त्या अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या. ठणठणीत.

"मले काय झालं?" म्हणून हसल्या. त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा साडेबारा झाले होते. तासभर मी त्यांच्या खाटेवर बसून होते. काकाजी माझ्याशी खोटं का बोलले, एवढाच विचार. भाऊघराचं मनातही आलं नाही.

संध्याकाळी फाट्यावर उतरले, तर शेजारच्या पार्वताबाईने हातच धरला. "बरं झालं माय, तू बोलवाले आली."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. दुपारी साडेबाराच्या सुमारास मी म्हणे धुऱ्याधुऱ्याने फिरले, धानाच्या प्रत्येक बांधीपाशी, म्हणजे वाफ्यापाशी, थांबले आणि म्हणाले, "काकाजीले बरं नाई, भाऊघरात चला." लोकांनी हातातली रोपं तशीच टाकली आणि धावत गेले. आत काकाजी धडधाकट बसलेले, सोबत बाहेरगावचा एक राईसमिलवाला. भाऊघर कायमचं त्याच्या गोदामासाठी लिहून देणं चाललं होतं. गाव शेतात आणि मी गडचिरोलीला, असा दिवस त्यांनी निवडला होता. चाळीस माणसं चिखलाच्या पायांनी आत शिरली, तेव्हा सही करायची राहिली आणि मिलवाला निघून गेला.

मी पार्वताबाईला म्हटलं, मी नव्हते. ती हसली. ज्याला ज्याला विचारलं, तो हसला. माझा आवाज, माझी चाल – त्यांना शंकाच नव्हती. मग मीही गडचिरोलीच्या बसचं तिकीट दाखवायचं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी काकाजींकडे गेले. खूप बोलायचं ठरवून गेले होते. पण तेच आधी बोलले.

"मंडळात आता राह्यलं कोण, बाई? म्हातारे आमी. पोरं चंद्रपूरले, नागपूरले. म्हणून देऊन राह्यलो होतो."

"मग मला सांगायचं होतं. बहिणीला कशाला आजारी पाडलं?"

ते म्हणाले, "तू तरी काय केलं? गडचिरोलीले गेल्याचं सोंग केलं. मी बिमार म्हणून गाव गोळा केलं अन् दारात उभी राहून पाह्यलं. मी पाह्यलं तुले. माह्या तोंडावर बोलली असती, तर मी कागद फाडला असता."

मी त्यांच्या बहिणीला फोन लावून दिला. त्यांनी भावाला सगळं सांगितलं, मी किती वाजता आले, काय खाल्लं. काकाजींनी ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात ठेवला. "तिले तू शिकवलं," एवढंच म्हणाले.

त्यांनी अध्यक्षपद सोडलं. आता रस्त्यात दिसलो तर दोघंही मान वळवतो.

गाव माझे उपकार मानतं. मला मात्र एकच गोष्ट खाते. आजारपणाचं खोटं सांगून काकाजींनी मला गावाबाहेर काढलं, हे समजतं. त्याच दुपारी, तसंच आजारपणाचं खोटं, माझ्या तोंडाने गावाला कोणी सांगितलं? मी तिथे असते, तर असं खोटं बोलले असते का... तेही आता खात्रीने सांगता येत नाही.