कानाची साक्ष

ज्या गृहस्थांविषयी हे लिहीत आहे ते पोलीस खात्यात हवालदार होते, आणि वस्तीत त्यांना दुसरे नाव उरले नव्हते. त्यांची पत्नीसुद्धा शेजारणींशी बोलताना ‘आमचे हवालदार’ असेच म्हणे. देह धिप्पाड, वाणी मृदू. साप्ताहिक सुटीच्या दिवशी गणवेश कपाटात ठेवून ते दुपारी बालमित्राच्या शिलाईच्या दुकानात जात आणि चिंध्या बाजूला सारून तिथल्या बाकावर बसत. टेलर त्यांना ‘हवाल्या’ म्हणे, ते टेलरला ‘टाक्या’. पन्नाशी उलटल्यावरही आपल्याला अशा नावाने हाक मारणारे कुणी असावे, हे मी ऐश्वर्याचेच लक्षण मानतो.

सुटीवरचा पोलीस हा पोलीस असतो की नाही, यावर त्या बाकावर नेहमी वाद रंगे.

“सुटी म्हणजे सुटी,” टेलर म्हणे. “रस्त्यात कुणाचं बटण तुटलेलं दिसलं, तर मी सुईदोरा घेऊन त्याच्या मागं धावतो का?”

“बटण तुटल्यानं कुणी मरत नाही रे टाक्या.”

“मरत नाही, लाज जाते. तुमच्या खात्याला तीही भीती नाही!”

अशाच एका दुपारी गल्ली ओस पडली होती. टेलर कोटाचे कापड बेतत होता. दुकानात कात्रीच्या करकरीशिवाय आवाज नव्हता. इतक्यात शेजारच्या चष्म्यांच्या दुकानातून त्या दुकानदार बाईंची किंकाळी आली. बाकावरून वाकून पाहिले तर एक इसम त्यांच्या गळ्याशी चाकू धरून साखळी ओढताना दिसला.

हवालदार उठले.

“खाली बस,” टेलर दबक्या आवाजात म्हणाला. “ठाण्यात फोन लाव. तुझी आज सुटी आहे.”

हातात काठी नव्हती, अंगात साधा सदरा होता, आणि जा म्हणून सांगणारा वरिष्ठही नव्हता. पण ठाण्यातून कुणी येईपर्यंत त्या बाईंचा गळा वाट पाहील, याची हमी कोण देणार? गणवेश उतरवून ठेवता येतो. दिसलेले दिसले नाही असे करता येत नाही. हवालदारांनी शेजारच्या दारात उभे राहून खणखणीत आवाजात पुकारले, “पोलीस! चाकू टाक!” मग झटापट झाली. तो इसम काचेच्या कपाटावर कोसळला आणि त्याच्या मनगटाच्या शिरा तुटल्या. बाई मात्र सुखरूप वाचल्या.

त्या इसमाचा हात कायमचा अधू झाला. त्याने तक्रार केली, की हा माणूस पोलीस असल्याचे बोललाच नाही, बोलला असता तर मी निमूट शरण गेलो असतो. खात्याचा नियम असा होता, की सुटीवरच्या पोलिसाने आधी आपली ओळख पुकारावी, मगच हात उचलावा. तसे केले नाही तर होणारी इजा हा त्याचा वैयक्तिक अपराध. सारी नोकरी त्या एका शब्दावर येऊन टेकली. दुकानदार बाई प्रांजळपणे म्हणाल्या, “मीच एवढी किंचाळत होते साहेब, की मला माझ्याशिवाय कुणाचंच ऐकू आलं नाही.”

राहिला टेलर. ‘साक्षी’ या शब्दाच्या पोटात ‘अक्षि’ आहे, म्हणजे डोळा. इथे मात्र साक्ष हवी होती ती कानाची.

चौकशीच्या आदल्या दिवशी टेलर म्हणाला, “अरे, माझे कान काय उसवलेत? सांगतो ना मी. तू निवांत झोप.”

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यांपुढे तो उभा राहिला आणि म्हणाला, “मशीन चालू होतं साहेब. त्या खडखडाटात काही ऐकू आलं नाही.”

अधिकाऱ्यांनी हवालदारांना विचारले, “साक्षीदाराला काही विचारायचंय?”

एक प्रश्न पुरला असता. कापड अजून बेतायचेच होते, तर मशीनवर शिवत काय होतास? खोट्याचा टाका कुठे धरून ओढावा हे हवालदार आयुष्यभर शिकले होते. त्यांनी मित्राकडे पाहिले. मित्र टेबलाच्या कोपऱ्याकडे पाहत होता.

“नाही, साहेब.”

हवालदार बडतर्फ झाले. पत्नीने घरी डोके धरले. “अहो, एवढं तोंडाशी आलेलं विचारलं का नाही?”

“विचारलं असतं तर तो खोटं बोलला हे सिद्ध झालं असतं,” हवालदार म्हणाले. “आता निदान संशयाचा फायदा तरी देता येतो. भांबावला असेल. खरंच ऐकू आलं नसेल.”

“तुम्हाला पटतंय का हे?”

“पटवून घेतोय.”

त्या आधारावर त्यांनी काही दिवस काढले. एका सकाळी टेलर दारात येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले होते.

“हवाल्या, मला ऐकू आलं होतं. सगळं ऐकू आलं होतं.” त्याला धाप लागली होती. “त्या चाकूवाल्याचे भाऊ रोज दुकानात येऊन बसायचे. मापं द्यायला नव्हे. वाटलं, तू खात्यात कसंही मिटवून घेशील. तुझ्यामागं अख्खं ठाणं. माझ्यामागं कोण, शिलाई मशीन? तरी तुला सांगितलं होतं, खाली बस म्हणून!”

हवालदार रागावले नाहीत. जे थोडेसे धूसर त्यांनी स्वतःसाठी जपले होते, ते मित्राने मन हलके करण्यासाठी येऊन लख्ख करून टाकले होते.

“गप्प नको बसूस,” टेलर म्हणाला. “शिवी दे. दोन थोबाडीत मार.”

हवालदार सावकाश उठले आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

“बसा ना. उभे का तुम्ही?”

“हवाल्या…”

“आपण चहा घेणार?”

टेलरने खुर्चीकडे पाहिले. मग तो पायऱ्या उतरून गेला.