दुचाकी आत येता कामा नये

आमच्या घरात सूचना करण्याचं खातं यांच्याकडे. हे म्हणजे माझे यजमान. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत उभा जन्म कारकुनी केली आणि तिथं साहेबांना सूचना करायची जी खोड लागली, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. पंखा इकडे लावा, रांग त्या दाराने वळवा, पाण्याचा पिंप सावलीत ठेवा. एकाही साहेबाने यांचं कधी ऐकलं नाही. मग घरी येऊन ती सूचना मला सांगायची आणि मी कणीक मळता मळता म्हणायचं, "बरोबर आहे तुमचं." यांच्या सूचनांची अंमलबजावणी ती एवढीच.

कामोठ्याला राहायला आलो तेव्हा आमच्या बाल्कनीसमोर, ऐन बाजारात, एक मोठा प्लॉट मोकळा पडलेला होता. एका अंगाला भाजीच्या गाड्या, दुसऱ्या अंगाला रिक्षा स्टँड. नवरात्रात तिथं गरबा व्हायचा, लग्नसराईत मांडव पडायचे, बाकी वर्षभर पोरांचं क्रिकेट आणि कुणाच्या तरी घराचं काम निघालं की आणून ओतलेलं रॅबिट, म्हणजे फुटक्या लाद्या नि विटांचे तुकडे. पण कडेकडेने माणसांच्या पायांनी एक वाट झाली होती, आणि सकाळी त्या वाटेवर आमच्या सेक्टरची सगळी मंडळी फिरायची. हे सगळ्यांच्या पुढे, हात मागे बांधून. मी बरोबर गेले तर म्हणायचे, "तू ये तुझ्या गतीने." म्हणजे तू मागे राहा.

वाईट एवढंच, की रिक्षा स्टँडकडून बाजारात जायला बाइकवाल्यांनाही तोच प्लॉट जवळचा पडायचा. एका सकाळी एकाचं हँडल यांच्या कोपराला लागलं नि हे आडवे झाले. खरचटण्यापलीकडे काही नव्हतं, पण अपमान मोठा झाला. "चालायच्या जागी चालता येत नाही, ह्याला काय गाव म्हणायचं?" असं आठवडाभर चाललं होतं.

त्यानंतर लवकरच बागेची गोष्ट निघाली. प्लॉटवर मोठी बाग करायची ठरली होती आणि लोकांना काय हवं ते विचारायला पालिकेचे साहेबलोक आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आले. मग काय, मागण्यांना ऊत आला. कुणाला कारंजं हवं, कुणाला व्यायामाची यंत्रं, हास्यक्लबवाल्यांना वेगळा ओटा. हे शेवटी उठले. शर्टाची बाही सरळ केली आणि म्हणाले, "बाकी काही करा, न करा, पण दुचाकी आत येता कामा नये. गेटच असं बसवा की माणूस जाईल, गाडी जाणार नाही." गच्चीवर टाळ्या पडल्या. लहान पोरांच्या आयांनी तर जास्तच वाजवल्या. खाली उतरताना यांचा चेहरा मला आजही दिसतो. "लिहून घेतलं त्यांनी," म्हणाले. मी त्या रात्री शिरा केला.

प्लॉटभोवती निळे पत्रे लागले. फिरणारी मंडळी रस्त्यावर आली, हेही आले. आणि पत्र्यांआड खोदकाम चालू असतानाच एका सकाळी दाढी करताना यांच्या हातातून रेझर गळून पडला. उजवी बाजू गेली. जीभही जड झाली. दवाखान्यातून यांना घरी आणलं तेव्हा चार पायांचा वॉकर बरोबर आला आणि मागोमाग फिजिओथेरपीवाली मुलगी. मुलगी गोड होती, पण बोलायला स्पष्ट. ती मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "काकू, काकांना रोज सपाट जागेवर लांबवर चालवायला पाहिजे. पाय आत्ता सुधारला तर सुधारला. नाहीतर आखडेल, आणि मग मी काही करू शकणार नाही."

सपाट जागा. आमच्याकडे फूटपाथ आहे, पण त्याच्यावर पाणीपुरीची गाडी आहे, लावलेल्या बाइका आहेत आणि जिथं काही नाही तिथं लाद्या उचकटलेल्या आहेत. बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये प्रत्येक दाराशी चपलांचं रॅक. वॉकर दोन पावलं सरकला की कुणाच्या तरी सँडलवर चढायचा. घरात तर हॉल संपायच्या आत भिंत येते. तेव्हा आम्हा दोघांचं सगळं त्या बागेवर येऊन ठेपलं. बाग झाली की यांचा पाय चालेल, असंच मी मनात धरलं होतं. यांनाही रोज तेच सांगायची. औषध देताना, अंघोळ घालताना, "बाग होऊ दे हो."

हे बाल्कनीत बसून काम बघायचे. पत्र्यांच्या वरून सगळं दिसायचं. लाल, गुळगुळीत ट्रॅक अंथरला, तेव्हा यांनी डाव्या बोटाने हवेत त्याचा सगळा वळसा काढून दाखवला. छोट्या गेटाचं वेल्डिंग चाललं होतं तो दिवस तर यांचा सणच. पाइपांचं वळण होतं ते. आत शिरायचं, उजवीकडे वळायचं, लगेच डावीकडे वळायचं आणि मग बागेत. वेल्डरच्या ठिणग्या उडत होत्या आणि हे मांडीवर थाप मारत होते. "माझं... गेट," म्हणाले. मीही कौतुकाने बघत होते. वॉकर यांच्या खुर्चीला टेकवून ठेवलेला होता, माझा पदर त्याच्यातच अडकला होता, आणि तरी आमच्या दोघांच्या डोक्यात काही आलं नाही. मनातल्या मनात आम्ही अजून धडधाकट पायांनीच त्या बागेत शिरत होतो.

गणपतीच्या सुमारास काम संपलं. झाडं लागली, दिवे लागले, बाकं रंगवली आणि गेटांना कुलपं बसली. उद्घाटन व्हायचं होतं. आधी मोठ्या साहेबांची तारीख मिळेना. मग पितृपक्ष लागला. आमच्या भागातल्या पुढाऱ्यांचं सगळं बघणारा एक माणूस मला भाजी घेताना भेटला. मी म्हटलं, "अरे, उघडा ना बाबा, आजारी माणूस वाट बघतंय." तो म्हणाला, "काकू, पितृपक्षात फीत कोण कापनार? साहेबांना नाय चालत. थोडं थांबा, एकदम टेन्शन नका घेऊ."

मी त्याला काय बोलणार? यांच्यासाठी पट्ट्यांचे नवे बूट घ्यायचे होते, ते मीच घटस्थापनेवर ठेवले होते. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही, हे मला सासूने शिकवलं आणि मी जन्मभर पाळलं. तेव्हा बोटं तरी कुणाच्या नावाने मोडायची! बाल्कनीतून तो लाल ट्रॅक रिकामा दिसायचा. कुत्री खुशाल पाइपांखालून जाऊन त्याच्यावर झोपायची. इकडे यांची टाच जमिनीला टेकेनाशी झाली. फिजिओवाली मुलगी पाय दाबून बघायची आणि पूर्वीसारखं "छान, काका" म्हणायची नाही. मला राग यायचा, आणि राग ठेवायला जागा नव्हती.

नवरात्रात फीत कापली. मांडव, ढोल, लाउडस्पीकर, आणि साहेबांची गाडी आत यावी म्हणून मोठ्या गेटाची दोन्ही दारं सताड उघडी. आख्खा सेक्टर आत लोटला. मी यांना म्हटलं, "चला, जायचं का?" हे खाली बघत होते. गर्दी बघत होते. म्हणाले, "धक्का... लागेल. उद्या. निवांत. आपलीच... बाग." मलाही पटलं. कालपरवा घेतलेले बूट बघायला लोकांची गर्दी कशाला? आम्ही बाल्कनीतून भाषणं ऐकली, पुरणपोळी खाल्ली आणि उद्याची तयारी करून झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्यांचे बूट घालून, दाढी करून, हे वॉकर टेकत टेकत रस्ता ओलांडून गेले. रिक्षावाल्यांनी हात दाखवून गाड्या थांबवल्या. मोठ्या गेटाला कुलूप होतं. लोक छोट्या गेटाने आत जात होते, शिरायचे, वळायचे, वळायचे आणि दिसेनासे व्हायचे. यांनी वॉकर पाइपांत घातला. पहिल्याच वळणावर तो अडकला. तिरका केला, उचलला, दुमडून बघितला. वॉकर दुमडला तर हे उभे कशाच्या आधाराने राहणार? मागे रांग लागली. "काका, जरा बाजूला होता का?" कुणीतरी अगदी अदबीने म्हणालं, आणि मी यांना बाजूला घेतलं.

वॉचमन मूळ कामोठे गावातला, वयाने आमच्याएवढाच. तोही कावराबावरा झाला. "काकी, मोठ्या गेटाची चावी माझ्याकडं नाय. ठेकेदाराच्या मानसाकडं हाय. तो गाडी घेऊन पानी घालायला येतो तवाच उघडतो. मी कोनाला सांगू?" मग यांच्याकडे वळून म्हणाला, "दादा, बाइकवाल्यांसाठी केलाय हो असा. लोकांनीच मागितलाय."

मी यांच्याकडे बघितलं नाही.

दोनतीन दिवसांनी व्यायामाला येणाऱ्या दोन दणकट मुलांनी आपण होऊन यांना उचललं. एकाने काखेत धरलं, एकाने गुडघ्यांखाली, आणि पाइपांवरून पलीकडे नेलं. मध्ये बूट निघून पडला. घसरगुंडीवरची पोरं टकमक बघत होती, एका बाईने तर मोबाइल वर केला, कौतुकानेच केला असेल. आत नेऊन बाकावर बसवलं. समोर तो लाल ट्रॅक होता, ज्याच्यासाठी आम्ही एवढे महिने काढले. मी वॉकर पुढे ठेवला. यांनी त्याला हात लावला नाही. घरी येऊन म्हणाले, "पोतं... आहे का मी?" पुन्हा म्हणून कुणाला हात लावू दिला नाही.

मी खूप हिंडले. त्या पुढाऱ्यांच्या माणसाकडे गेले, तो म्हणाला, "करून टाकू, काकू." पालिकेच्या ऑफिसात गेले, तिथं कळलं की केलेल्या कामात फेरफार करायचा तर मंजुरी नव्याने लागते. ठेकेदाराच्या माणसाने एकदा सकाळी मोठं गेट उघडून दिलं. त्या दिवशी यांना ताप होता. नंतर त्याचा फोन लागला नाही. शेवटी सोसायटीच्या सभेत विषय काढला, की गेट जरा रुंद करायला सगळ्यांनी सह्या द्या. माझ्या शेजारची, जिच्या बाळंतपणात मी डिंकाचे लाडू करून दिले, ती खाली बघून म्हणाली, "काकू, तुमचं दुःख कळतं हो. पण रुंद केलं की बाइका घुसणार. आमची पोरं पहिल्यांदाच मोकळी खेळतायत. आणि काकांनीच तर मागितलं होतं ना?" तिचं काय चुकलं? माझं पोर तेवढं लहान असतं तर मीही तेच म्हटलं असतं. सभेत कुणी वाईट नव्हतं, म्हणून तर मला भांडताही आलं नाही. मी चहा न घेता वर आले आणि गॅसपाशी उभी राहून रडले.

थंडी सरता सरता फिजिओवाल्या मुलीने सांगितलं, "काकू, आता चाकांची खुर्ची घ्या. त्यांना बाहेर तरी नेता येईल." म्हणजे पाय गेला. तिने तसं म्हटलं नाही, पण पुढच्या महिन्यापासून ती आठवड्यातून एकदाच यायला लागली.

आता संध्याकाळी मी यांची खुर्ची ढकलत बागेपर्यंत नेते. वॉचमन माझ्यासाठी आपलं प्लास्टिकचं स्टूल काढून ठेवतो. छोट्या गेटाबाहेर, भाजीच्या गाड्यांना अडचण होणार नाही अशा बेताने आम्ही बसतो. आतून हास्यक्लबचं हसणं ऐकू येतं. येणारेजाणारे विचारतात, "काय काका, बरं आहे ना?" हे मान हलवतात. यांची नजर मात्र सगळा वेळ पाइपांवर असते.

परवा पाठीवर पिशवी लावलेला एक डिलिव्हरीवाला घाईघाईने आला. पलीकडच्या बिल्डिंगला जायला त्याला बागेतून वाट हवी होती. त्याने बाइकचं पुढचं चाक पाइपांत घातलं. पहिल्याच वळणावर अडकलं. त्याने तिरकी केली, मागचं चाक उचलून बघितलं. मी उठणार होते, पण यांनी डावा हात वर करून मला थांबवलं. खुर्चीत ताठ झाले. तो माणूस घामाघूम होऊन दोनदा झटला, मग शिवी घालून बाइक मागे ओढली आणि निघून गेला.

यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ आली होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात हसू होतं.

"बघितलंस?" हे म्हणाले. "नाही... जाऊ शकला."

मी पदराने यांचं तोंड पुसलं. जन्मभर म्हणत आले तेच म्हणायचं होतं. म्हटलं.

"बरोबर आहे तुमचं."