साहेबाची सायकल

बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन मी बारामतीला आले, तेव्हा वडिलांनी नुकतीच स्कूटर घेतली होती आणि त्यांची सायकल जिन्याखाली पडून होती. काळी, उंच, दांडीची. मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा, पुढे हँडलला कागदपत्रांसाठी बसवलेली पत्र्याची पेटी. वडील कालवा निरीक्षक होते. नीरेच्या डाव्या कालव्याचा बारामतीच्या खालपासून लासुर्ण्याच्या अलीकडेपर्यंतचा भाग त्यांच्याकडे होता आणि तो सगळा भाग त्यांनी कित्येक वर्षं या सायकलवरून पाहिला होता.

मी शाळेपासून पुण्याला, इंग्रजी माध्यमात आणि वसतिगृहात. पाटबंधारे खात्याच्या वसाहतीतलं घर मला सुट्टीपुरतंच ओळखीचं होतं. कुणी आलं की मला पुढच्या खोलीत बोलावलं जायचं. “जरा इंग्रजी बोलून दाखव की,” पाहुणे म्हणायचे. मी दोन वाक्यं बोलायची, ते हसायचे, आई चहा आणायची. एवढ्यानंच मी दमून जायची. म्हणून सायकल मागितली. आईनं एकच अट घातली, डांबरी रस्त्यानं जायचं नाही. जायचं तर कालव्याच्या कडेनं.

तो रस्ता मुरमाचा होता. एका हाताला कालवा, दुसऱ्या हाताला खाली उतरत गेलेली उसाची रानं, मध्ये बाभळी. ट्रक नाही, एस.टी. नाही. सकाळी सहाला निघून मी काटेवाडीच्या पुढं जाई, पेटीतला डबा काढून एखाद्या पुलावर बसून खाई आणि ऊन चढायच्या आत परत येई. तीन आठवड्यांत त्या रस्त्यावर मला जवळून कुणीही भेटलं नाही. माणसं दिसायची ती लांब, पाठमोरी, उसात शिरताना. मला हे फार आवडलं. कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

काही गोष्टी दिसत होत्या. मला बघायची सवय आहे, विचारायची नाही. कोरड्या फुफाट्यावर कालव्यापासून शेतापर्यंत गेलेली ओली रेघ. पुढून कुठून तरी येणारी शीळ. एकदा लिंबाखाली नुसताच वाजत असलेला रेडिओ, शेजारी अर्धा विणलेला दोर. मी पाहिलं आणि पुढं गेले.

मेच्या मध्यात ठरवलं की कालवा संपतो तिथपर्यंत जायचं. त्या शेवटाला सगळे ‘टेल’ म्हणतात. लासुर्णे मागं टाकल्यावर रस्ता खराब झाला आणि कालवा अरुंद. त्यातून फुटलेल्या एका फाट्याला तर पाणीच नव्हतं, तळाला भेगा. त्या फाट्याच्या टोकाशी, शेतात पाणी सोडायच्या लोखंडी दारापाशी, एक बाई मांडीवर खोरं घेऊन बसली होती. पन्नाशीची असेल.

“कुणाची गं तू?”

“बारामतीहून आले.”

“गाव न्हाय इचारलं. कुणाची ते इचारलं.”

मी उतरून सायकल दाराला टेकवली. तिनं सायकलीकडे पाहिलं.

“गड्याची सायकल हाय ही. टांग टाकून चढतीस व्हय?” ती हसली. “बस हितं. पानी पी. हाय तेवढं हाय.”

तांब्यात घोटभर होतं. ते मी प्याले आणि मग लाज वाटली.

“चार दिस झालं, हितंच बसलीया,” ती म्हणाली. “आज यील, उद्या यील. माझा सासरा मेंढरं घिऊन पान्यामागं हिंडायचा, पार कोकणापोतर. म्याच म्हनलं, बास झालं हिंडनं. कॅनॉलच्या कडंला ऱ्हाऊ, पानी आपल्याकडं यील.” तिनं मागं बोट केलं. म्हशींच्या चाऱ्यासाठी पेरलेलं, हातभर वाढून पिवळं पडलेलं कडवळ होतं आणि सावलीला दोन म्हशी. “यवढं भिजलं तर म्हशी ऱ्हात्यात. न्हाय तर पुढल्या बाजारी इकायच्या आन् दावं हातात.” मग तिनं मला विचारलं, “तू कॅनॉलनंच आलीस न्हवं? वर पानी हाय का?”

“भरून वाहतंय.”

“आन् मानसं? पाईप टाकून बसल्याली?”

“कुणीच नव्हतं,” मी म्हणाले. मला दिसलं होतं ते हेच.

“कुनीच न्हाय. मंग काय उडून जातंय पानी?”

परतताना एका वळणावर साखळी उतरली. सायकल आडवी पाडून मी बाभळीच्या बुंध्याआड बसले आणि हात काळे करून घेतले. एवढ्यात माझ्या वयाची, कुणाची तरी सून असावी अशी एक बाई उसातून वर आली. खांद्यावर रबरी पाईपचं वेटोळं, पाईपला फाटलं होतं तिथं लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. तिनं पाईप कालव्यात बुडवून भरला, एका टोकावर तळहात दाबला, ते टोक रस्त्यावरून ओढत खाली शेतात नेलं आणि हात काढला. पाणी आपोआप वाहू लागलं. धुळीवर ओली रेघ उमटली. ती वळली आणि तिला आधी सायकल दिसली, मग मी.

“अगं बया!” तिनं पाईप उपसून काढला, ती निम्मी भिजली. “ताई, लिवू नगा. मी एकलीच न्हाय, समदेच टाकत्यात. सायकल दिसली की काढायचा, गेली की टाकायचा. आज तुमी हितनं हाललाच न्हाय!”

मी काही बोलले नाही. नेहमीच बोलत नाही, पण तिला तो साहेबी गप्पपणा वाटला असावा. पाईप कवटाळून ती उसात पळाली.

म्हणजे ज्या निवांतपणासाठी मी रोज येत होते, तो लोक माझ्या सायकलीला भिऊन लपत होते म्हणून होता.

वडिलांना सांगणं सोपं होतं. पण त्यांच्या ऑफिसच्या मागं पाणीचोरीचा पंचनामा करून आणलेल्या पाइपांचा ढीग मी पाहिला होता, विळ्यानं हातहातभर कापलेले. त्यातल्याही काहींना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मी सांगितलं असतं तर त्या सुनेचा पाईप तिथं आला असता. नाही सांगितलं तर खालच्या बाईच्या म्हशी जाणार होत्या. सायकल चालवायला मात्र बोलावं लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी निघून संध्याकाळी परतू लागले. वडिलांचा अख्खा भाग, जायचं आणि यायचं. घंटी वाजवत, सावकाश. पूल आला की उतरायचं, पेटीवर हात ठेवून पाण्याकडे बघायचं, पुन्हा बसायचं. पुढून शीळ यायची आणि ऊस हलायचा. पहिले दोन दिवस जरा गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले, ओठ फुटले, सीटवर नीट बसवेना. ऊन तर असं की मुरमाकडे बघवत नव्हतं. कालव्याचं पाणी शेजारून चाललेलं असे आणि मला त्याच्याकडे बघायचाही कंटाळा येई.

“रंग बघ आरशात,” आई म्हणाली. “कसलं खूळ आहे हे?”

वडील जेवताना म्हणाले, “यंदा कालवा बरा चाललाय. खालच्या पुलाच्या मोजपट्टीवर दोन बोटं पाणी चढलंय. का ते कळत नाही.” मी आमटी-भात कालवत राहिले.

पाचव्या दिवशी त्या वळणावर कुणी पळालंच नाही. पाईप पाण्यात होता आणि शेजारी ती सून आणि तिची सासू बसली होती.

“ही काय लिवत-बिवत न्हाय,” सासू माझ्यादेखत म्हणाली. “पाच दिस बघतीया. कागूद म्हनून काढला न्हाय. ए ताई, त्या पेटीत काय हाय गं?”

मी पेटी उघडून दाखवली. डबा, पाण्याची बाटली, रुमाल.

“अगं, ही जेवाय येतीया!” सासू कंबर धरून हसली. “आन् आमी हिच्यापायी उसात बसून बसून मोडलो!”

सूनही पदरात तोंड घालून हसत होती. मला काय झालं कुणास ठाऊक, मी एका दमात बोलले. “खाली टेलला एक मावशी आहेत. त्यांच्या रानात पाणी पोचत नाही. कडवळ वाळलंय. म्हशी विकाव्या लागतील त्यांना.”

हसणं थांबलं. “आमच्या म्हशी काय वारा पित्यात?” सासू म्हणाली. पाईप होता तिथंच राहिला.

पुढचे दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही. मग एकदाच, बघायला म्हणून, पुन्हा टेलला गेले. लोखंडी दारापाशी चिखल होता. बाई वाफ्यात होती. कडवळ एका बाजूला हिरवं आणि दुसऱ्या बाजूला आधीसारखंच पिवळं. मध्ये कुणी काठीनं रेघ ओढावी तसं.

“पानी आलं की!” ती मला बघून म्हणाली. “तीन दिस आलं. काल पुना आटलं. निम्मं भिजलं बघ.” मग थांबून म्हणाली, “एक म्हस ऱ्हाती. एक बाजारात.”

त्या दिवशी परतीच्या वाटेवर कुणीच लपलं नाही. रस्ताभर माणसं होती. पाईप होते, बाया धुणं धूत होत्या, दोन म्हातारे लिंबाखाली रेडिओ ऐकत बसले होते. बातमी माझ्या पुढं गेली होती. “ताई, आज डब्यात काय?” जो तो विचारत होता. “पोळी-भाजी,” मी सांगत होते. पुढच्यालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. थांबायची इच्छा नव्हती, पण त्या वळणावर पायच चालेनात. मी उतरले.

“पोचलं का तुमच्या मावशीला?” सुनेनं विचारलं.

“निम्म्या रानाला. एक म्हैस राहील. दुसरी विकणार.”

पाईप झुळझुळत होता. सासूनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, तांब्या उचलला, पाईपाच्या तोंडाशी धरून भरला आणि पुढं केला.

“बस. पानी पी आदी.”

तांब्या काठोकाठ भरलेला होता. मला फार तहान लागली होती. मी सगळं प्याले.