मामाच्या शेताची जाहिरात

मामा गेल्याचा फोन रमेशनेच केला. त्याचा आवाज भरून आला होता. मी “येते” एवढंच म्हटलं. महिना उलटला, त्याच्याशी याहून गोड बोलणं मला जमलेलं नाही...

मामा भिवंडीजवळच्या दिघाशी गावचा. भात निघालं की वाल पेरायचा, आणि पेरणीचा दिवस कुणाला न विचारता ठरवायचा. मामी गेल्यावर रमेशने, त्याच्या एकुलत्या एका मुलाने, भिवंडीतून कॉम्प्युटर आणून घरात इंटरनेट घेतलं. तेव्हा गावात इंटरनेट असलेलं ते एकच घर. पहिलं वर्ष खरंच बरं गेलं. भातावरच्या करपा रोगाचे फोटो मामा स्वतः शोधायचा, शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचा. मी रमेशचं कौतुकही केलं होतं. ते आता सलतं.

मग एका दुपारी गावाचं नाव शोधताना मामाला स्क्रीनवर स्वतःचंच शेत दिसलं. ‘गोदामासाठी उत्तम जागा. विकणे आहे.’ खाली रमेशचा नंबर. फोटोत लावणीला वाकलेला मामा, पाठमोरा.

“बाय, मना कोनी इचारला पन न्हाय,” तो मला फोनवर म्हणाला.

मी रमेशला जाब विचारला तर म्हणे, “विकतोय कुठं, ताई? भाव बघतोय नुसता.” जाहिरात मात्र त्याने काढली नाही. गाड्या यायला लागल्या. परकी माणसं पावलं टाकत जमीन मोजायची. मामा त्यांना हाकलायचा आणि घरात येऊन पुन्हा स्क्रीनपुढे बसायचा. जाहिरात गेली का, आज किती जणांनी पाहिली... ज्याला उन्हातून घरी आणायला मामीला हाका माराव्या लागत, तो दिवसचे दिवस खुर्चीतून उठेना. वालाची पेर चुकली. जेवण सुटलं. शेतकऱ्याच्या दारात जग आलं म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनी ते घर तेव्हा पाहायला हवं होतं.

“मामा, बंद कर ते,” मी म्हणायचे.

“मी बंद केला म्हनून त्यांचा बंद होतंय?”

शेवटचा माझ्याकडे आला तेव्हा पाणीही न घेता म्हणाला, “जाहिरातीखाली लिवता येतं ना? लिव.” त्याने सांगितलं, मी टाइप केलं. दोनच वाक्यं. ‘जमीन विकायची नाही. मालक जिवंत आहे.’ अक्षरांवरून बोट फिरवत त्याने ती दोनदा वाचली. पंधरवड्यात तो गेला.

तेराव्याची पंगत उठल्यावर रमेश जवळ आला. “ताई, तू लिहिलेलं तेवढं काढ ना. आता बरं दिसत नाही.”

“तू जाहिरात काढ,” मी म्हटलं. “त्याबरोबर तेही जाईल.”

तो मान खाली घालून निघून गेला. आज सकाळी पाहिलं... दोन्ही अजून तिथेच आहेत.