वाटेतली फांदी

तेजल पहिल्यांदा माझ्या नजरेस पडली नाही, कानावर पडली.

भंगाराच्या धंद्यात डोळ्यांपेक्षा कान कामाला येतो. पॉलिश मारून माणसं कशालाही पितळ म्हणून खपवतात, पण टिचकी मारली की वस्तू स्वतःचं नाव स्वतः सांगते. त्या दुपारी शीळफाट्याजवळच्या माझ्या वखारीत बसून मी एका कारखानदाराशी फोनवर भांडत होतो. मागच्या अंगणातून आवाज आला, ठण्ण. थोड्या वेळानं पुन्हा तसाच, ठण्ण. तांब्याचा सूर होता. कुंपणाला टेकून ठेवलेली गिझरची जुनी टाकी. कुणी तरी दगड मारतंय असं समजून मी फोन कानाला लावूनच, हात उगारून मागे गेलो.

तिथे बाळारामची सात वर्षांची पोर उभी होती. बाळाराम माझ्याच गावचा, माझा टेम्पो चालवायचा. एका बंद पडलेल्या कंपनीच्या गेस्ट हाउसचं सामान मी उचललं होतं, त्यात गोल्फच्या दोन-तीन गंजक्या काठ्या आणि बादलीभर बॉल आले होते. त्यातली एक काठी हिच्या हातात. काठी तिच्या छातीला लागत होती. आणि गिझर अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला.

"काय चाललंय गो?" मी ओरडलो.

पोर घाबरली नाही. म्हणाली, "काका, तू सांग, कशाव मारू?"

मी रागातच म्हटलं, "त्या घमेल्यावर मार." थाड्. "पंख्याच्या पात्यावर." टिण्ण. "फ्रिजच्या दांडीवर." दांडी बोटभर जाडीची. तिनं पाय जरा सरकवले, मान एकदा वर करून दांडीकडे बघितलं आणि काठी फिरवली. टक्. फोनमधून कारखानदार ओरडत होता, "ऐकताय ना शेठ?" मी फोन बंद केला. सौदा अर्धवट सोडून फोन ठेवण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घरातून बाहेर पडलो तेव्हा माझ्याकडे हातगाडीही नव्हती. जे मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं. मला पहिला भाव कधी पटलेला नाही, डॉक्टरचाही नाही. माझ्या तापट डोक्याबद्दल गावात बरंच बोललं जातं आणि त्यातलं बहुतेक खरं आहे. पण जगात अशी एकच व्यक्ती झाली जिच्यापुढे माझी घासाघीस चालली नाही. ती ही.

पुढचे काही महिने माझं भंगार हेच तिचं मैदान. शाळेतून आली की दप्तर वजनकाट्यावर टाकायची आणि मागे जायची. मी गादीवर डोळे मिटून ऐकायचो. जस्त, बीड, ॲल्युमिनियम, पुन्हा तांबं. चुकलेला फटका मातीत जायचा, त्याचा आवाज यायचा नाही. हळूहळू ती शांतता ऐकू येईनाशी झाली.

आमच्या डोंगराकडे गोल्फचं एक मैदान आहे. आमच्या गावच्या लोकांनी तिथे भात लावलेलं आहे, गुरं चारलेली आहेत. आता दारावर पहारेकरी. मी तेजलला घेऊन गेलो तर सेक्रेटरी बाहेर आला, गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट. म्हणाला, "सभासदांच्या मुलांसाठीच आहे हो. आणि ही फार लहान आहे."

मी म्हटलं, "साहेब, एक फटका. तुम्ही म्हणाल त्यावर मारेल. चुकली तर मी तुमचं सगळं मोडकं सामान फुकट उचलतो. लागला तर रोज सकाळी सभासद यायच्या आधी तिला आत सोडायचं."

तो हसला. त्याला वाटलं असेल, लवकर सुटका होईल. म्हणाला, "बरं. मारू दे कशावरही."

तेजलनं माझ्याकडे बघितलं. मी आजूबाजूला नजर फिरवली. लांब वळणावर हिरव्या पत्र्याची पाटी होती, 'फक्त सभासदांसाठी'. मी तिकडे बोट केलं.

ठण्ण.

सेक्रेटरीचा चेहरा उतरला. पण मागे खुर्चीत बसलेले एक म्हातारे गृहस्थ इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते करंदीकर सर, डोंबिवलीचे निवृत्त इंजिनियर. "अहो, शब्द दिलात ना? आता पाळा," असं ते सेक्रेटरीला म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून तेजलचे गुरू झाले.

सरांनी तिला काठी कशी धरायची ते शिकवलं. फिरवायची कशी ते शिकवलं नाही. मला म्हणाले, "जे आधीच बरोबर आहे त्याला मी हात कशाला लावू? मी हिला फक्त नियम शिकवतो." आणि त्यांनी पहिला नियम सांगितला, "चेंडू जिथे पडेल, तिथूनच मारायचा. खड्ड्यात पडला तरी, चिखलात पडला तरी. उचलायचा नाही, सरकवायचा नाही, आजूबाजूचं काही हलवून सोय करून घ्यायची नाही."

आमच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो. पोरीनं तो नियम घरी नेला आणि आपला करून टाकला. "परला तथशी माराचा." पडला तिथून मारायचा. तेव्हापासून तिचं ते एकच पालुपद. परीक्षेचा पेपर अवघड गेला, परला तथशी. बाळारामचा टेम्पो भर रस्त्यात बंद पडला आणि तो कपाळाला हात लावून बसला, तर ही मागून ढकलायला उतरली, "बाबा, परला तथशी!" तिची आई वनितावहिनी वैतागायची, "काय तो कारटीचा मंत्र!"

पण तिला खेळताना पाहिलं की मला बोलायचं सुचायचं नाही, आणि मला न सुचणं ही साधी गोष्ट नाही. बारा वर्षांची असताना तिनं सोळा वर्षांच्या मुलींना हरवलं. त्या मुली गाड्यांतून यायच्या, सोबत प्रशिक्षक, आहारवाले, कोण कोण. ही टेम्पोतून यायची आणि भाकरी खायची. तळ्यावर वारा सुटला की बाकीच्या मुली थांबायच्या. ही वाऱ्याखालून बॉल काढायची, जमिनीलगत, पाण्यावरून पाखरू जातं तसा. करंदीकर सर मला हळूच म्हणायचे, "नामदेवराव, आपण काय बघतो आहोत हे आपल्यालाच अजून कळलेलं नाही." सरांच्या डोळ्यांत पाणी असायचं. माझ्या नाही. मी दुसरीकडे बघायचो.

तिची पिशवी मी उचलायचो. गोल्फमध्ये खेळाडूच्या काठ्यांची पिशवी घेऊन सोबत चालणारा माणूस असतो, त्याला कॅडी म्हणतात. खेळातलं मला फारसं कळत नव्हतं, पण ओझ्याची सवय होती आणि तिच्या दोन पावलं पुढे चालायला आवडायचं. वखार पोरांवर सोपवून मी कुठे कुठे गेलो. एकदा एका मुलीचा बाप तेजलच्या बुटांवरून काही बोलला, तर मी पिशवी खाली ठेवून बाह्या सरसावल्या. तेजलनं वळूनही बघितलं नाही. "काका, पिशवी उचल. पुढच्या होलला जायाचंय."

ती सतरा वर्षांची झाली त्या वर्षी देशपातळीवरची मोठी स्पर्धा आमच्याच मैदानावर आली. जिंकणाऱ्या मुलीला परदेशात खेळायला पाठवणार होते. तेजलला दुसरं काही नकोच होतं. शेवटच्या दिवशी सगळा गाव टेम्पो भरून आला. कुणी तरी मिरवणुकीसाठी बँजोवालेही आणले होते. पहारेकऱ्यानं त्यांना फाटकाबाहेर बसवलं.

दोन होल, म्हणजे बॉल घालायचे दोन खळगे, उरले होते आणि तेजल एका फटक्यानं पुढे होती, म्हणजे तिचा एक फटका कमी झाला होता. तिचा बॉल मैदानाच्या कडेला उंच गवतात, करवंदाच्या जाळीजवळ पडला. दुसरी मुलगी पार पलीकडे होती, पंच तिच्यासोबत. मी नेहमीसारखा पुढे पोचलो. बघतो तर जाळीची एक फांदी बॉलच्या मागे नेमकी आडवी आलेली. काठी मागे घेतली की तिच्यात अडकणार.

आमच्याकडे रानातून जाताना पुढचा माणूस मागच्यासाठी वाट करत जातो. काटेरी फांदी आली की वाकवतो, मोडतो, बाजूला टाकतो. मागे पोर असेल तर नक्कीच. हे कुणी शिकवत नाही आणि कुणी विचारून करत नाही. मी हात घातला. कट्टकन आवाज आला.

मागे वळलो तर तेजल उभी. तिच्या तोंडावरचा रंग गेलेला.

"काका, तोरलीस?"

"काटे होते गो."

तिनं आजूबाजूला बघितलं नाही. कुणी पाहिलं का, हे सुद्धा नाही. सरळ हात वर केला आणि पंचाला हाक मारली.

पंच कोवळा होता, पण पक्का. म्हणाला, कॅडीनं केलं म्हणजे खेळाडूनंच केलं. दोन फटक्यांचा दंड. नुसती वाकवली असती तर फटका मारायच्या आधी होती तशी सोडून देता आली असती, मोडलेली परत लागत नाही.

माझं डोकं फिरलं. "अहो, करवंदाची फांदी ती! चार दिवसांत परत फुटेल! दोन कसले? बरं, तुमचं नको, माझं नको, एकावर मिटवा."

पंचाला हसू आवरेना. तेजल मात्र हसली नाही. "काका, गप. हितं भाव नाय."

मग तिनं त्या गवतातून जो फटका मारला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. बॉल झाडाच्या दोन खोडांमधून निघाला, हवेत वळला आणि झेंड्याच्या काठीला टेकून थांबला. दुसऱ्या मुलीनंही टाळ्या वाजवल्या. पण दोन फटके ते दोन फटके. तेजल एका फटक्यानं हरली. बँजोवाले न वाजवताच परत गेले.

टेम्पोत आम्ही तिघे, बाळाराम गाडी चालवतोय, मधे ती, खिडकीशी मी. शीळफाट्याला नेहमीसारखी गाड्यांची रांग. तेजल समोर बघत म्हणाली, "काका, आता पुढं पिशवी दुसरं कुणी घेल."

"माझ्यामुळं हरलीस म्हणून?"

"हरली म्हणून नाय. तू परत तोरशील म्हणून."

"नाही तोडणार."

"तोरशील. तुझ्या हाताला सवय हाय."

मी टेम्पोतून उतरलो आणि वखारीपर्यंत चालत गेलो. त्यानंतर काही वर्षं मी तिच्याशी बोललो नाही. लोक म्हणतात नामदेव शेठचा राग वाईट. असेल. पण सांगा, फाटकातून तिला आत कोणी नेलं? पाटीकडे बोट कोणी केलं? आणि पिशवी काढून घेतली ती कशासाठी, तर तिला काटा लागू नये म्हणून हात घातला त्यासाठी! हे माझ्या मनातून गेलेलं नाही आणि जाईल असंही वाटत नाही.

ती मात्र थांबली नाही. दुसऱ्या वर्षी तीच स्पर्धा तिनं इतक्या फरकानं जिंकली की शेवटच्या होलवर बाकीच्या मुली तिचं खेळणं बघायला उभ्या राहिल्या. परदेशात गेली. तिथे जिंकली, मग आणखी लांब जाऊन जिंकली. नामांकित बायका, ज्यांची छायाचित्रं करंदीकर सर कापून ठेवायचे, त्या तिच्या मागे पडू लागल्या. तो सेक्रेटरी आता प्रत्येक फोटोत तिच्या खांद्यावर हात ठेवून असतो. मी धातूचे दर बघतोय असं दाखवून मोबाइलवर तिचे सामने बघायचो. वखारीतली पोरं ओळखून होती. "शेठ, तांब्याचा काय भाव?" असं विचारून खुसखुसायची.

मागच्या वर्षी तिनं जगातली सगळ्यात मोठी म्हणतात त्यांपैकी एक स्पर्धा जिंकली. मी ती टीव्हीवर बघितली, एकटा. शेवटच्या दिवशी तिचा बॉल पुन्हा झुडपाखाली गेला. कसलं झुडूप होतं कोण जाणे, पण फांदी तशीच आडवी. तिचा कॅडी उंच, तांबूस केसांचा गोरा. तो झुडपापासून हातभर लांब थांबला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. तेजल गुडघ्यावर बसली, फांदी बघितली, उठली. आडवा छोटा फटका मारून बॉल बाहेर काढला आणि तिथून पुढच्या एकाच फटक्यात होलमध्ये घातला. हजारो माणसं ओरडत होती. माझ्या कानात फक्त होलमध्ये बॉल पडल्याचा आवाज. टक्.

महिनाभरानं ती गावी आली. आता तिकडेच राहायला जायचं ठरलं होतं, त्याआधीची ही फेरी. सत्कार-बित्कार उरकून एका सकाळी पिशवी घेऊन वखारीत हजर. सरळ मागच्या अंगणात गेली. गिझर तिथेच आहे. चांगला भाव येऊनही मी तो विकलेला नाही. तिनं पिशवीतून काठी काढली.

ठण्ण.

मी गादीवरून उठून मागे गेलो. विचारलं, "तो गोरा हात मागं बांधून का उभा राहतो?"

"मी सांगितलंय त्याला. पहिल्याच दिवशी."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, माझा एक काका हाय. तो माझ्या वाटेत काटा ठेवत नाय. तू ठेव."

मी गिझरला पडलेला नवा पोचा बोटानं चाचपला. मग जे मला येतं तेच केलं. म्हटलं, "एक स्पर्धा. पिशवी मी घेतो."

"नाय."

"एक दिवस."

"नाय."

"एक होल गो. शेवटचा नको, मधला कुठला तरी."

ती हसायला लागली. लहानपणी पंख्याचं पातं वाजलं की हसायची तशीच. "गारीपर्यंत घे," म्हणाली आणि पिशवी माझ्या खांद्यावर टाकली.

गाडी रस्त्याला उभी होती. वखारीच्या दारातून मी पुढे निघालो, ती मागून. पिशवी पूर्वीपेक्षा जड होती, पण पट्टा खांद्यावर बरोबर तिथेच बसला. कुंपणाशी बाभूळ आहे, तिची एक फांदी वाटेवर खाली आलेली. बरोबर तेजलच्या तोंडाच्या उंचीवर.

कट्ट.

मागून पावलं थांबली. मी वळलो. ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बगितलास, काका?"

फांदी माझ्या हातात होती.